फुंकरीचा फळा

आकाराम वस्ताद वाचनालयाच्या जिन्यात थांबून वर्तमानपत्र वाचू लागले तेव्हा मला आनंद झाला होता.

शिवाजी पेठेतलं आमचं वाचनालय तालमीच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. जिना मधे वळतो, तिथं भिंतीला काचेचा फलक आहे. त्यात रोज सकाळी मी वर्तमानपत्राचं पहिलं पान लावतो. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी हे काम माझ्याकडेच राहिलं आहे. तालमीच्या पाण्याची टाकी गच्चीवर आहे आणि तिचा कॉक वस्ताद स्वतः फिरवतात. दुसऱ्या कुणाच्या हातानं कॉक बिघडतो असं त्यांचं मत आहे. त्यामुळे गेली तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी त्या फलकावरून गेला आणि एकदाही त्यानं मान वळवली नव्हती.

दिवाळीनंतर मात्र ते थांबू लागले. चांगली दोन-तीन मिनिटं. मी वर टेबलाशी बसून त्यांची पाठ बघायचो. सहासष्टाव्या वर्षी माणसाला वाचनाची गोडी लागली, यात आपलाही काही वाटा असेल का, असा एक बावळट विचार माझ्या मनात येऊन गेला. त्यांच्यासाठी म्हणून मी पहिल्या पानाऐवजी कुस्तीच्या बातम्यांचं पान लावायला लागलो.

मग डिसेंबरात एका सकाळी मला उशीर झाला. पेपर काखेत घेऊन मी जिना चढत होतो. वळणावर वस्ताद उभे होते. एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातानं डावा खांदा चोळत होते आणि नजर फलकावर खिळलेली. फलक रिकामा होता. काचेमागं नुसतं लाकूड होतं आणि वस्ताद ते वाचत होते.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"व्हय की. गॅस हाय. काल मटान जरा जास्त झालं."

"डॉक्टरांना एकदा दाखवलं असतं तर..."

"सर, तुमी पुस्तकं सांभाळा. माझं अंग मी सांभाळतोय." ते दोन पायऱ्या चढले, थांबले आणि वळले. "आन हे कुनाला बोलायचं न्हाय. तुमी म्हणा बोलनाऱ्यातलं न्हायसाच."

हे खरं होतं. मी बोलणाऱ्यातला नाही. म्हणून तर त्यांनी इतक्या निर्धास्तपणे सांगितलं. पण नेमक्या त्याच दिवसांत माझ्या टेबलाच्या खणात एक मजकूर पडून होता आणि त्यात लिहिलं होतं: छातीत, जबड्यात, डाव्या खांद्यात किंवा हातात जडपणा, चालताना, जिना चढताना येतो, थांबलं की जातो. मजकूर माझा होता.

तो मी ललिताताईंसाठी लिहिला होता. त्या आमच्या भागातल्या आशा सेविका. जानेवारीत तालमीत हृदय आणि फुप्फुसांच्या आरोग्याचा जागृती आठवडा घ्यायचा असं त्यांनी आणि डॉक्टर प्रेरणा यांनी ठरवलं होतं. प्रेरणा पेठेतलीच मुलगी, आता मोठ्या दवाखान्यात हृदयाची डॉक्टर. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार पुस्तकं चाळून अडीच पानं लिहिली. ललिताताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "सर, हे वाचायला आधी एक पदवी काढावी लागंल." मग त्यांनी त्यातल्या सात ओळी ठेवल्या. त्या सातांतली चौथी ओळ आता रोज सकाळी माझ्यासमोर जिन्यात उभी राहत होती.

पण मी काही डॉक्टर नव्हे. चार पुस्तकं वाचून माणसाला सगळीकडे आजार दिसायला लागतात. माझी पत्नी शिवगंगा म्हणते, तुम्ही औषधाच्या बाटलीवरचं वाचूनच निम्मे आजारी पडता. खरोखर गॅस असला तर? सगळ्या पेठेत ओरडा होईल की वस्तादाचं हृदय गेलं, आणि तो माझ्यामुळे. मी गप्प राहिलो. शिबिर येतंच आहे, त्यात त्यांचा ईसीजी आपोआप निघेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शिबिराचे पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तालमीच्या हौद्याबाहेर, म्हणजे तांबड्या मातीच्या आखाड्याबाहेर, तीन टेबलं मांडली होती. पहिल्यावर रक्तदाब, दुसऱ्यावर पंचेचाळिशीच्या पुढच्यांचा ईसीजी आणि तिसऱ्यावर फुंकरीची नळी. ही नळी म्हणजे वीतभर प्लास्टिकचं यंत्र. छाती भरून श्वास घ्यायचा, पुठ्ठ्याच्या तोटीतून एका झटक्यात फुंकायचं, की लाल काटा पुढं सरकतो. फुप्फुसाची वाट किती मोकळी आहे ते आकड्यात कळतं. दोन दिवसांत एक आजी आल्या. चष्मा फुकट मिळतोय का विचारून, नाही म्हटल्यावर आम्हालाच चार शब्द सुनावून गेल्या.

तिसऱ्या दिवशी पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर सम्राट दोस्तांबरोबर तालमीत आला. त्यानं गंमत म्हणून नळी उचलली आणि फुंकलं. काटा सहाशे दहावर गेला.

"एवढंच?" त्याचा एक मित्र म्हणाला. "आण हिकडं. सायकलीत हवा भरल्यागत फुकलंस."

मित्राचं पाचशे ऐंशी आलं आणि मग जी टर उडाली ती ऐकून रस्त्यावरची माणसं आत डोकावली. सम्राट माझ्याकडे वळला. "सर, तुमचं अक्षर भारी हाय. फळ्यावर लिवा की ह्येचं पाचशे ऐंशी. आयुष्यभर ऱ्हाऊ दे."

मी तालमीच्या नोटिसांच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. ती चूक माझी. नुसतं लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चाळीस वर्षं यादी करण्यात गेलेला माणूस मी, मी आकडे उतरत्या क्रमानं लावले आणि प्रत्येक नावापुढे गल्ली लिहिली. संध्याकाळपर्यंत रस्त्यापर्यंत रांग लागली. कुठल्या गल्लीची फुंकर पुढं, यावर चहाच्या गाड्यावर भांडणं सुरू झाली. आमच्याकडे दोन माणसांत कुठलीही गोष्ट मोजता येते हे कळलं, की तिची जोड, म्हणजे कुस्ती, लागल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या दोन टेबलांवर मात्र कुणी थांबेना. "फुकून जातो ताई, बाकीचं उद्या," असं म्हणून माणसं थेट तिसऱ्या टेबलाशी यायची. "येऊ देत सर, आली तर खरी," ललिताताई म्हणाल्या, पण ईसीजीच्या वहीत चार दिवसांत अकराच नावं होती आणि त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभा असायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. लोक माझ्याकडे बघत होते, "सर, माझं वर घ्या की," म्हणत होते. असं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी पिराजी आले. पलीकडच्या गल्लीतल्या तालमीचे जुने पैलवान, आता सात म्हशी सांभाळतात. तरुणपणी त्यांची आणि आकाराम वस्तादांची कुस्ती सव्वा तास चालून बरोबरीत सुटली होती आणि दोन्ही तालमी अजून आपलाच गडी वरचढ होता असं सांगतात. पिराजींनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

"पोरांच्या फुकरा काय मोजतायसा?" त्यांचा आवाज तालीमभर घुमला. "वस्ताद कुठाय तुमचा? का त्येला बी सलाइन लावलीया?"

वस्ताद हौद्याच्या कडेला बसून पोरांचे जोर बघत होते. ते तिथूनच म्हणाले, "हाय की हितंच. म्हशीचा वास आला तवाच वळीकलं, कोन आलंय."

"मग ये की. मी एक, तू एक. संपवू."

"आज गुरुवार. रविवारी शिबिर संपतंय. शेवटची जोड आपली."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. तासाभरात सम्राटनं दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून मोबाइलवर सगळीकडे पाठवले: रविवार, संध्याकाळी पाच, आकाराम वस्ताद विरुद्ध पिराजी पैलवान.

त्या क्षणापासून मला स्वस्थ बसवेना. यंत्राच्या खोक्यात एक पातळ घडीचा कागद होता, त्यावर इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होत्या. नववी सूचना अशी की छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरानं फुंकू नये. मी ती सूचना भिंग लावून वाचली. घरी नेऊन वाचली. शब्दकोशात शब्द पाहिले, जणू त्यातून काही वेगळा अर्थ निघाला असता.

शुक्रवारी मी वस्तादांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी धोंडुबाईंनी चहा केला. वस्ताद पलंगावर बसून टीव्ही बघत होते. मी म्हटलं, "रविवारचं जरा पुढं ढकललं तर?"

"कशापायी?"

धोंडुबाई दारात उभ्या होत्या. वस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणालो, "थंडी फार आहे म्हणून." ते हसले. मी बशीतला चहा संपवून घरी आलो. येताना ललिताताईंच्या दारावरून गेलो. आत दिवा होता. त्यांना सांगितलं तर त्या आत्ता उठून वस्तादांकडे जातील. वस्ताद समजतील, सरांनी सांगितलं. आणि गॅस निघाला तर तीस वर्षांत एकदा या माणसानं मला काही विश्वासानं सांगितलं होतं, तेही गेलं. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. तिसऱ्या वेळी एक कुत्रं भुंकलं आणि मी घरी गेलो.

शनिवारी सकाळी वस्ताद जिन्यात दोनदा थांबले. खाली एकदा आणि वळणावर एकदा. कपाळावर घाम होता. माझ्या अंगात स्वेटर होता आणि त्यावर मफलर.

मला उपाय सुचला तो अशा ठिकाणाहून, जिथून मला कधी काही सुचलं नव्हतं. मी उभ्या जन्मात लंगोट बांधलेला नाही. पण तालमीच्या नोटिसा मीच लिहितो. कुस्तीच्या मैदानाच्या दिवशी दारावर लागते ती नोटीस तर मला तोंडपाठ आहे: आधी वजन, मग कुस्ती. वस्ताद हा नियम किती कडक पाळतात हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. एका वर्षी त्यांचा स्वतःचा पुतण्या वजनाला दहा मिनिटं उशिरा आला, तर त्यांनी त्याला कुस्तीसाठी कपडे काढू दिले नव्हते.

रविवारी तीन वाजता तालमीत कुणी नसताना मी फळ्याचा वरचा भाग पुसला आणि लिहिलं:

आजच्या जोडीचा नियम. आधी वजन, मग कुस्ती. पंचेचाळीस वर्षांवरील गड्याच्या ईसीजीची पट्टी आधी निघेल. पट्टी नाही तर फुंकर नाही.

शेवटची ओळ खाली उतरली. पुसून पुन्हा लिहिली.

सम्राट आला. "सर, हे कुनी ठरवलं?"

तालमीच्या समितीनं, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. "मी," मी म्हणालो.

"भारी हाय की," तो म्हणाला. "एकदम मैदानागत वाटतंय." आणि त्यानं फळ्याचा फोटो काढून पाठवूनही दिला.

ललिताताईंनी फळा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "कुणासाठी हाय हे?"

"सगळ्यांसाठीच."

"सर, खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसताय." ईसीजीचं टेबल त्यांनी स्वतः ओढून पुढं घेतलं, दोरीवर चादर टाकून आडोसा केला आणि डॉक्टर प्रेरणांना फोन करून लवकर बोलावलं.

पाच वाजता तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिराजी त्यांच्या गल्लीची पंचवीस-तीस माणसं घेऊन आले. फळा वाचून ते मोठ्यानं हसले. "काढा पट्टी! माझ्या काळजात काय निघनार? सात म्हशींची नावं निघतील." आत गेले, पाच मिनिटांत शर्टाची बटणं लावत बाहेर आले. डॉक्टर प्रेरणा त्यांच्या मागून म्हणाल्या, "पट्टी स्वच्छ आहे काका. पण पट्टी स्वच्छ म्हणजे सगळं स्वच्छ असं नसतं. काही होत असेल तर सांगायचं."

"ऐकलंसा काय? स्वच्छ!" पिराजींनी हात वर केला आणि त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांचं दुसरं वाक्य त्या टाळ्यांत गेलं.

वस्ताद फळ्यासमोर उभे होते. त्यांनी नियम वाचला. त्या दिवशी ते खरोखर वाचत होते. ओठ हलत होते.

"सर, हे अक्षर तुमचं."

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. चालते व्हा म्हणतील, फळा पुसतील, काहीतरी होईल असं वाटलं. मागून पिराजींच्या माणसांतलं कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, वजनाला भ्यालासा काय?"

"नियम म्हंजे नियम," वस्ताद म्हणाले आणि चादरीआड गेले.

यंत्राचा बारीक करकर आवाज आला. एकदा झाला, थांबला, पुन्हा झाला. बाहेर पोरं टर उडवत होती. मला वाटलं, ही चादर अशीच राहावी, कुणी तिकडून येऊच नये. मग डॉक्टर प्रेरणा बाहेर आल्या. हातातली पट्टी त्यांनी उभी घडी करून कोटाच्या खिशात घातली, ललिताताईंच्या कानाशी काही बोलल्या आणि ललिताताई माणसांतून वाट काढत रस्त्याकडे धावल्या.

वस्ताद मागोमाग आले. "एक फुकर मारतो आन जातो."

"एकही नाही काका. चालायचंसुद्धा नाही. रिक्षा आत येतेय."

"प्रेरणा, तू बाळ हायस. लोकं थांबल्यात. आता न्हाय फुकलं तर सोडून पळाला म्हनतील." त्यांनी टेबलावरची नळी उचलली.

डॉक्टरांनी नळीवर हात ठेवला. दोघांच्या हातांत ती नळी. बाहेरून शिट्ट्या सुरू झाल्या. "टायम पास करतोय वस्ताद!"

मी काय केलं ते नंतर पुष्कळांनी मला सांगितलं; मला स्वतःला नीट आठवत नाही. मी पिराजींपाशी गेलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "बरोबरीत सोडवा."

"का?"

"विचारू नका. बरोबरीत सोडवा."

पिराजींनी वस्तादांकडे पाहिलं. कपाळाकडे, मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे. उभ्या उभ्या म्हैस आजारी आहे हे ओळखणारा माणूस तो. त्यांनी छातीवर हात मारला आणि खोकले. चांगले तीन-चारदा.

"मला खोकला झालाय!" ते ओरडले. "आज फुकत न्हाय! त्यो बी नगं, मी बी नगं. बरोबरी! पंच, हात वर करा!"

"पंच कोन हाय?" पोरं ओरडली.

"ज्यानं नियम लिवला त्यो पंच. या सर!"

दीडशे माणसं माझ्याकडे वळली. मी मधे गेलो. उजव्या हातात पिराजींचं मनगट घेतलं, डाव्या हातात वस्तादांचं. वस्तादांचा हात ओला आणि गार होता. दोन्ही हात वर केले, म्हणजे माझ्या उंचीला झेपतील तेवढे. पिराजींचा त्यांनी स्वतःच वर नेला.

"बरोबरी," मी म्हणालो.

"ऐकू येत न्हाय पंच!"

"बरोबरी!"

काही हसले, काहींनी टाळ्या दिल्या, कुणीतरी पैसे परत द्या म्हणून ओरडलं. तोवर ललिताताई रिक्षा घेऊन दारापाशी आल्या होत्या.

रिक्षात वस्ताद मधे, एका बाजूला डॉक्टर प्रेरणा, दुसऱ्या बाजूला मी. जिभेखाली डॉक्टरांनी एक गोळी ठेवली होती म्हणून वस्तादांना बोलता येत नव्हतं. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर ती विरघळली.

"सांगितलं हुतं कुनाला बोलू नगा म्हनून."

"मी कुणाला बोललो नाही."

"बोलला न्हायसा. लिवलंसा. फळ्यावर. सगळ्या पेठेम्होरं." पुढं दवाखान्यापर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांना लगेच आत नेलं. हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्या होत्या, एक तर जवळजवळ बंद. तारेनं उघडून जाळी बसवायची असं ठरलं. जाळीसाठी नेण्याआधी त्यांनी मला खुणेनं बोलावलं. माझ्यावरचा राग होता, पण दुसरं कुणी जवळ नव्हतं.

"खाली पोरं आल्यात. पित्त झालंय म्हनून सांगा. वस्तादाला हार्टचं झालं म्हटलं तर उद्या कोन आपलं पोर पाठवंल माझ्याकडं?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, मला माहीत नाही. स्ट्रेचरची गाडी आत गेली.

धोंडुबाई तोवर येऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी थोडं अंतर ठेवून बसलो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुमाला कवापास्नं ठावं हुतं सर?"

खोटं बोलायचं तर चष्मा पुसावा लागला असता. "महिना झाला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता त्या बोलतील आणि त्यांनी बोलावंच. पण त्या म्हणाल्या, "मला दिवाळीपास्नं. रोज खांद्याला बाम लावत हुतो. कळ आली की दातओठ खायाचे. म्हटलं, वर वाचनालयात रोज जात्यात, तितं शिकलेली मानसं हायत. कोन तर बघंल."

"मला वाटलं घरात माहीत असेल," मी म्हणालो.

मग पोरांना पित्त म्हणून सांगायचं वस्ताद म्हणालेत, तेही मी त्यांना सांगून टाकलं. समोरच्या दाराचा दिवा लाल होता. मी उठायचो, पाण्याच्या नळापर्यंत जायचो, तहान नसायची, परत यायचो. पावणेआठला डॉक्टर प्रेरणा बाहेर आल्या. टोपी काढून त्यांनी केस मागे केले.

"झालं काकू. जाळी बसली. शुद्धीवरच आहेत, भूक लागली म्हणतायत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांनी फुंकलं असतं तर काय झालं असतं मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. पण हा आठवडा काही त्यांनी काढला नसता."

धोंडुबाई रडल्या. रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पोरं खाली खोळंबल्यात. त्यांनी पित्त सांगा म्हटलंय न्हवं?"

"हो."

"तुमचं काय म्हननं हाय?"

माझं म्हणणं कुणी विचारलं तर मला घाम फुटतो. मी म्हणालो, "त्या पोरांचे वडील आहेत. चुलते आहेत."

त्यांनी पदर खोचला. "त्यांचा मार मी खातो," त्या म्हणाल्या. "जावा तुमी."

खाली वीस-पंचवीस जण दुचाक्यांवर बसून होते. मला बघून उतरले. सम्राट पुढं आला. "गॅसच हुता न्हवं सर?"

"नाही. हृदय. एक नळी जवळजवळ बंद होती. आता उघडली आहे. बरे आहेत."

एकजण हसला, म्हणजे त्याला काय करावं कळलं नाही. "वस्तादास्नी? हार्ट?" सम्राट म्हणाला. "पाचशे जोर काढतोय त्यो मानूस."

"काढत होते. दिवाळीपासून खांदा दुखत होता. जिना चढताना दुखायचा, थांबलं की राहायचा." माझा आवाज इतका बारीक होता की ते जवळ आले. मी पत्रकातल्या सातही ओळी सांगितल्या. तीच पत्रकं आठवडाभर त्यांच्या हातांत होती. कुणी मोबाइल बाहेर काढला नाही. शेवटी सम्राट चिडून म्हणाला, "आदी सांगायचं की सर," आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्याचं बरोबर होतं. मागोमाग बाकीचे पांगले.

पिराजी राहिले. मोटारसायकलला टेकून उभे होते, गाडी चालू करत नव्हते. सगळे गेल्याची त्यांनी खात्री केली.

"माझी पट्टी चांगली निघाली न्हवं?"

"निघाली."

"मग झालं तर." त्यांनी किल्ली लावली, काढली. "सकाळी धारा काढून घागर उचलली की हितं जड पडतंय." त्यांनी बोट दाखवलं नाही, अख्खा पंजा छातीवर ठेवला. "दोन मिंटं बसलो की जातंय. म्हशीनं धडक दिल्ती मागं, त्येचं असंल."

"चला वर."

"आत्ता? आवो, धारंचा टायम टळून गेलाय. उद्या येतो."

"आत्ता. डॉक्टर अजून आहेत."

"तुमी पंच झालासा ते लयच डोक्यात गेलंय काय सर?" पण ते चालू लागले. दाराशी येऊन थांबले, खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "यशराज, म्हशी तू पिळ आज. न्हाय रं, मला काय झालं न्हाय. हितं वस्तादाकडं जरा..." ते माझ्याकडे बघून अडखळले.

मी हात पुढं केला. त्यांनी क्षणभर विचार करून फोन माझ्या हातात दिला. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आधी कागदावर लिहून काढतो. त्या वेळी कागद नव्हता.

"यशराज, मी वाचनालयातला शशिधर बोलतोय," मी म्हणालो. "घाबरू नका, पण वडिलांबद्दल जरा ऐकून घ्या."